एका हाताने मराठी टंकलेखन : संगणकातल्या मूळच्या सोयींचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका संपादिकेचे आहे. भाषांतर, संपादन आणि मुद्रितशोधन ही कामे त्या दीर्घकाळ संगणकावरच करत आल्या होत्या आणि मराठी टंकलेखनात त्यांचा हात इतका बसलेला होता की कळफलकाकडे पाहण्याची त्यांना गरज पडत नसे. मेंदूच्या डाव्या भागात झालेल्या पक्षाघातानंतर त्यांच्या शरीराची उजवी बाजू अधू झाली. पाय पुष्कळ सावरला, खांदा आणि कोपर थोडेफार हलू लागले, परंतु उजव्या हाताची बोटे सुटी सुटी हलवणे जमेना. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची उजवी बाजू गेली आणि उच्चार जड झाले. भाषेची समज, शब्दसंपत्ती, व्याकरणाची जाण आणि मजकुराचा कस ओळखण्याची नजर मात्र पूर्वीइतकीच शाबूत होती. ज्या क्षमतेवर त्यांचे काम उभे होते ती क्षमता जागेवर होती आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बंद पडली होती. ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

माझ्याकडे हे प्रकरण आले तेव्हा त्यांच्या संगणकावर सोयींची कमतरता नव्हती. उलट, मदत करू पाहणाऱ्या प्रत्येकाने काही ना काही चालू करून ठेवले होते. पडद्यावरचा मजकूर भिंगाने दुप्पट मोठा केलेला होता, पडद्यावर उमटणारा कळफलक अर्धी जागा अडवून बसला होता, बोलून मजकूर उतरवण्याची सोय चालू होती आणि फिल्टर कीज ही कळांची गती रोखणारी सोयही कोणीतरी सुरू केलेली होती. या सगळ्यांच्या गर्दीत एक परिच्छेद लिहिणेही इतके थकवणारे झाले होते की आपले काम संपले असे त्यांनी स्वतःशी ठरवूनही टाकले होते. त्या निष्कर्षाला आधार नव्हता. सोयी व्याधीचे नाव पाहून निवडल्या गेल्या होत्या आणि काम करताना हात नेमका कोठे अडतो हे कोणी शेजारी बसून पाहिलेच नव्हते.

म्हणून पहिले पाऊल हे ठरले की सगळ्या सोयी बंद करायच्या, त्यांना नेहमीच्या पद्धतीने एक जुना मजकूर टंकलिखित करू द्यायचा आणि प्रत्येक अडखळण्याची जागा लिहून ठेवायची. हे करताना दुरुस्ती सुचवायची नाही असा नियम पाळला, कारण सुचवायला लागले की माणूस आपली स्वाभाविक पद्धत सोडून समोरच्याला बरे वाटेल तसे काम करू लागतो.

शिफ्टचा प्रश्न

त्या इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळफलक-मांडणी वापरतात. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. दोन्ही हात चालत असताना ही विभागणी फार सुखाची असते, कारण व्यंजन आणि मात्रा एकाआड एक येतात आणि हातही एकाआड एक चालतात. उजवा हात गेला की मात्र व्यंजनांचाच हात गेला असे होते, आणि डाव्या हाताला प्रत्येक अक्षरासाठी उजवीकडे जाऊन परत यावे लागते.

तरीही खरी अडचण अंतराची नव्हती. ती शिफ्टची होती. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहाही महाप्राण व्यंजने शिफ्ट दाबून उमटतात. अ पासून औ पर्यंतचे स्वर, मात्रा म्हणून न येता स्वतंत्र अक्षर म्हणून येतात तेव्हा शिफ्टनेच येतात. ण, ळ, श आणि ष यांनाही शिफ्ट लागते. रोमन लिपीत इंग्रजी लिहिणाऱ्याला शिफ्टची गरज मुख्यतः वाक्याच्या सुरुवातीला किंवा विशेषनामाला पडते. मराठी लिहिणाऱ्याला ती शब्दाशब्दाला पडते. ‘आणि’ या शब्दात आ आणि ण दोन्हींसाठी शिफ्ट आहे, ‘भाषा’ या शब्दातली दोन्ही व्यंजने शिफ्टची आहेत, ‘अथवा’ मध्ये अ आणि थ आहेत. एका हाताने डावी शिफ्ट धरून त्याच हाताने भ किंवा ध गाठणे म्हणजे पंजा ताणून पूर्ण कळफलक ओलांडणे होय. त्या हे करत होत्या, आणि जेथे हात पोहोचत नव्हता तेथे हनुवटीने शिफ्ट दाबत होत्या. मानेचे दुखणे त्यांनी पक्षाघाताच्या खाती टाकले होते. प्रत्यक्षात ते या खटपटीतून आले असावे, असे निरीक्षणावरून वाटले, आणि हनुवटीचा वापर थांबल्यावर ते कमीही झाले.

सुगम्यतेवरील, म्हणजे अपंग व्यक्तींना संगणक वापरता यावा यासाठीच्या सोयींवरील, बहुतेक माहिती इंग्रजी टंकलेखन गृहीत धरून लिहिलेली असते, त्यामुळे शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता वापरू देणाऱ्या स्टिकी कीज या सोयीचा उल्लेख तिच्यात एखाद्या किरकोळ सुविधेसारखा येतो आणि निघून जातो. देवनागरीत लिहिणाऱ्या एकहाती माणसासाठी ती पहिल्या क्रमांकाची सोय आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

स्टिकी कीज, आणि ती आपोआप का बंद होत होती

ही सोय जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग वँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळफलकाच्या ज्या सुगम्यता सोयी घडवल्या, त्या विंडोज ९५ पासून थेट विंडोजचाच भाग झाल्या. ॲपलच्या मॅकिंटॉशवर तर अशी सोय १९८० च्या दशकातच आलेली होती. आजही मॅक, विंडोज आणि लिनक्सवरील ग्नोम हा डेस्कटॉप या तिन्ही ठिकाणी ती जवळजवळ त्याच रूपात आहे. तिचे काम साधे आहे : शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांसारख्या कळा धरून ठेवाव्या लागत नाहीत. शिफ्ट एकदा दाबून सोडली की ती पुढच्या एका कळेपुरती दाबलेली मानली जाते. सलग दोनदा दाबली की ती कुलूपबंद होते आणि तिसऱ्यांदा दाबेपर्यंत तशीच राहते. म्हणजे भ लिहायचा तर आधी शिफ्ट, मग हात उचलून सावकाश ब ची कळ. कंट्रोल आणि मग एस दाबले की मजकूर साठवला जातो. दोन कळांचे एकाच वेळी दाबणे जाऊन एकामागून एक दाबणे येते, आणि एका हाताला एवढेच हवे असते.

विंडोजवर शिफ्टची कळ सलग पाच वेळा दाबली की ही सोय चालू करायची का असे विचारणारी चौकट येते. विंडोजच्या कळेसोबत यू दाबले की सुगम्यतेची सगळी सेटिंग्ज उघडतात आणि तेथूनही ती चालू करता येते. चालू केल्यावर पहिल्याच बैठकीत संपादिकांचा चेहरा बदलला. पण थोड्या वेळाने त्यांनी तक्रार केली की ही सोय मध्येच आपोआप बंद पडते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. घरच्यांनीही पूर्वी ती एकदा चालू करून पाहिली होती आणि ‘ती बिघडलेली आहे’ असे म्हणून सोडून दिली होती.

ती बिघडलेली नव्हती. विंडोजमध्ये या सोयीबरोबर एक पर्याय मुळातच निवडलेला असतो : दोन कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या तर स्टिकी कीज बंद करावी. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. एकाच संगणकावर दोन हातांनी टंकलेखन करणारी दुसरी व्यक्ती बसली आणि तिने सवयीप्रमाणे शिफ्ट धरून अक्षर दाबले, तर सोय आपली आपण बाजूला व्हावी आणि तिला अडथळा होऊ नये. परंतु जिचा हात थकल्यावर कळफलकावर टेकतो, जिची करंगळी शिफ्टवरून पूर्ण सुटण्याआधीच दुसरे बोट पुढच्या कळेवर पडते, त्या व्यक्तीसाठी हा पर्याय म्हणजे सर्वांत जास्त गरज असताना सोय काढून घेणारा पर्याय आहे. तो काढून टाकताच स्टिकी कीज दिवसभर टिकून राहू लागली. निवडलेल्या राहिलेल्या एवढ्या एका खुणेपायी एक अनुभवी संपादिका महिनोन्‌महिने कामापासून दूर राहिली होती, हे मला आजही फार लागते.

सोबत आणखी तीन गोष्टी केल्या. शिफ्ट पाच वेळा दाबण्याचा झटपट मार्ग, सोय कायमची चालू झाल्यावर, बंद केला. कारण मजकूर निवडताना शिफ्टला कुलूप लावले की काढले या गोंधळात ती अनेकदा दाबली जाते आणि पाचव्या वेळेस नको ती चौकट उभी राहते. कळ अडकली किंवा सुटली की होणारा आवाज चालू ठेवला, जेणेकरून शिफ्ट सध्या कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्यासाठी नजर मजकुरावरून हलवावी लागू नये. आणि कळफलक शरीराच्या मध्यापासून सरकवून असा ठेवला की त्याचा मध्यभाग डाव्या हाताच्या खाली आला. ही शेवटची गोष्ट संगणकाच्या कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. तरीही तिच्याशिवाय बाकीच्यांचा लाभ निम्मा राहिला असता.

लॅपटॉपच्या कळफलकावर एक अडथळा उरला. एफ एन ही कळ संगणकाच्या कार्यप्रणालीपर्यंत पोहोचतच नाही. कळफलकाचे स्वतःचे यंत्रांगच तिचा अर्थ लावते. त्यामुळे स्टिकी कीज तिला लागू होत नाही, आणि एफ एन धरून वरच्या ओळीतली कळ दाबणे एका हाताला अवघडच राहते. त्यावर उपाय हा की एफ एन ला कुलूप लावण्याची सोय त्या लॅपटॉपवर असेल तर ती वापरावी आणि वरच्या ओळीतल्या एफ ७, एफ ८ या कळा थेट चालतील असे करावे. येथे ते करता आले.

उमटणारी जादा अक्षरे

दुसरी अडचण म्हणजे अक्षरे पुन्हा पुन्हा उमटणे. याच कारणाने कोणीतरी फिल्टर कीज चालू केली होती. ही सोय एक नसून तीन वेगवेगळ्या उपायांचे गाठोडे आहे, आणि तसे न ओळखता ती चालू केली तर कळफलक मेल्यासारखा वाटू लागतो. तिच्यातला एक उपाय, स्लो कीज, ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय कळ मान्यच करत नाही. दुसरा, बाउन्स कीज, तीच कळ अल्पावधीत दुसऱ्यांदा दाबली गेली तर दुसरी वेळ सोडून देतो. तिसरा उपाय कळ धरून ठेवल्यावर होणारी पुनरावृत्ती लांबवतो किंवा थांबवतो.

कोणता उपाय लागू आहे हे कागदावर उमटलेल्या चुका पाहून कळते. एखादे अक्षर दोनदाच आले असेल तर बोट थरथरून कळ दुसऱ्यांदा दाबली गेली असण्याचा संभव अधिक; तेच अक्षर चारपाच वेळा सलग आले असेल तर कळ जरुरीपेक्षा जास्त वेळ दाबून राहिली आहे. शेजारच्या कळेचे भलतेच अक्षर आले असेल तर हात घसरला आहे किंवा दुसरा हात टेकला आहे. संपादिकांच्या मजकुरात दुपारनंतर ‘ककककाम’ अशा ओळी दिसत होत्या. डाव्या हाताला कंप नव्हता. तो थकला की कळेवर रेंगाळत होता. त्यामुळे फिल्टर कीज पूर्ण बंद केली आणि कळफलकाच्या साध्या सेटिंगमध्ये पुनरावृत्ती सुरू होण्यापूर्वीचा विलंब सर्वांत लांब ठेवला. तो सुमारे एक सेकंदाचा असतो. यामुळे अक्षरे वाढणे थांबले, आणि मागचा मजकूर पुसताना किंवा बाणाच्या कळेने पुढे जाताना कळ धरून ठेवण्याची सोयही शाबूत राहिली.

बाउन्स कीज येथे लागली नाही, परंतु ज्यांना कंपामुळे ती लागते त्यांच्यासाठी एक निरीक्षण नोंदवतो. इंग्रजीत एकच अक्षर पुष्कळदा लागोपाठ दोनदा येते, म्हणून बाउन्स कीजची वेळ वाढवली की बरेच शब्द अडतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘पत्ता’ सारख्या शब्दातल्या दोन त च्या मध्ये हलन्ताची कळ येते, त्यामुळे तोच अडथळा मराठीत कमी जाणवतो. तो येतो तो ‘सतत’, ‘मनन’, ‘ममता’ अशा शब्दांत, जेथे एकच कळ मध्ये काही न येता दोनदा दाबावी लागते. वेळ ठरवताना कोणत्याही यादृच्छिक मजकुराऐवजी असे शब्द लिहून पाहावेत.

स्लो कीजचा विचार एका कारणाने झाला होता : अधू उजवा हात अधूनमधून आखडून कळफलकाच्या उजव्या टोकावर पडत असे. पण तो क्षणिक स्पर्श टाळण्यासाठी चांगल्या हाताच्या प्रत्येक कळेला थांबवणे हा न्याय नव्हे. उजवा पुढचा हात टेबलावर कळफलकापासून दूर, उशीवर ठेवला आणि तो प्रश्न संपला.

माऊस, आणि त्याला टाळण्याचे मार्ग

माऊस डाव्या हातात घेतल्यावर तर्जनी उजव्या बटणावर येते, म्हणून मुख्य बटण उजवे केले. ओढण्याच्या कामासाठी बटण दाबून धरावे लागू नये म्हणून क्लिकलॉक चालू केला. बटण थोडा वेळ दाबून सोडले की ते दाबलेलेच मानले जाते आणि पुन्हा दाबल्यावर सुटते. आकड्यांच्या कळांनी माऊसचा बाण हलवणारी माऊस कीज ही सोय मात्र सोडून दिली. आकड्यांचा गट कळफलकाच्या उजव्या टोकाला असतो, आणि डाव्याच हाताने काम करणाऱ्याला माऊसपेक्षा तोच दूर पडतो.

खरे तर एकहाती संपादकाने माऊस जितका कमी वापरावा तितके बरे, कारण तोच एक हात कळफलक सोडून माऊसकडे आणि माऊस सोडून कळफलकाकडे जात राहतो आणि प्रत्येक वेळी बोटांची जागा पुन्हा शोधावी लागते. संपादनात सर्वाधिक वेळा होणारी क्रिया म्हणजे मजकूर निवडणे. शिफ्टला दोनदा दाबून कुलूप लावायचे, बाणाच्या कळांनी हवे तेवढे पुढे जायचे आणि मग शिफ्ट पुन्हा दाबून सोडवायची, ही पद्धत त्यांना पटकन जमली. वर्डमध्ये तर शिफ्टचीही गरज नाही. एफ ८ एकदा दाबले की निवड सुरू होते, दुसऱ्यांदा दाबले की शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद निवडला जातो, आणि एस्केपने ही अवस्था सुटते. इतकी वर्षे वर्ड वापरूनही ही कळ त्यांना माहीत नव्हती. ती आता त्यांची सर्वांत आवडती कळ आहे.

मोठे केल्याने वाचन अवघड का झाले

दृष्टीच्या बाबतीत घरच्यांनी केलेला उपाय उलटा पडला होता. नजर कमी झाली म्हणजे अक्षर मोठे करावे हा समज सर्वत्र आहे, आणि ज्यांची नजर अंधूक झाली आहे त्यांच्यासाठी तो बरोबरही आहे. येथे अक्षर स्पष्ट दिसत होते. गेली होती ती दृष्टिक्षेत्राची उजवी बाजू. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो तेव्हा ज्या शब्दावर नजर असते त्याच्या उजवीकडचा पुढचा शब्द आधीच थोडासा जाणवलेला असतो आणि त्या आधारावर नजर पुढची उडी घेते. उजवे क्षेत्र गेले की हा आधारच जातो. पुढे काय आहे, किंबहुना पुढे काही आहे की ओळ संपली, हेच कळत नाही. अशा वेळी अक्षर दुप्पट केले तर उरलेल्या क्षेत्रात मावणारी अक्षरे कमी होतात आणि ओळ अधिक लांब होते. त्यात विंडोजचे भिंग पूर्ण पडद्यावर चालू असेल तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि तो पाहण्यासाठी सबंध दृश्य सरकवावे लागते.

भिंग बंद केले. अक्षर त्यांना सुखाचे वाटेल इतपतच ठेवले आणि खिडकीची रुंदी अशी कमी केली की प्रत्येक ओळीत थोडेच शब्द यावेत. अरुंद स्तंभात ओळीचा शेवट कोठे असतो हे ठरलेले राहते. नजरेने तेथपर्यंत जायचे हे शिकवता येते. त्यांच्या उपचारतज्ज्ञांनी उजवीकडे मुद्दाम पाहण्याचा सराव त्यांच्याकडून आधीपासून करून घेतला होता, आणि पडद्यावरची ही रचना त्या सरावाला पूरक ठरली. असा बदल करण्यापूर्वी उपचार करणाऱ्यांशी बोलून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लेखनबिंदू, म्हणजे पुढचे अक्षर जेथे उमटणार ती लुकलुकणारी रेघ, हरवणे हा वेगळा त्रास होता. उजवीकडच्या न दिसणाऱ्या भागात लेखनबिंदू गेला की तो कोठे आहे हे शोधण्यातच वेळ जाई. विंडोजमध्ये लेखनबिंदूच्या वर आणि खाली रंगीत खूण दाखवण्याची सोय आहे. ती गडद रंगात आणि मोठ्या आकारात ठेवली, आणि लेखनबिंदूची रेघही जाड केली. माऊसच्या बाणालाही ठळक रंग आणि मोठा आकार दिला. कंट्रोलची कळ दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळे उमटवणारी जी आणखी एक सोय आहे, ती मात्र जाणूनबुजून बंद ठेवली. स्टिकी कीज चालू असताना कंट्रोल नुसती दाबली तरी ती अडकून राहते, आणि बाण शोधून झाल्यावर दाबलेले पहिले अक्षर हुकूम बनून मजकुरावर भलताच परिणाम करू शकते. दोन सोयी स्वतंत्रपणे चांगल्या असल्या तरी त्या एकमेकींच्या आड येतात का, हे प्रत्येक जोडीबाबत तपासावे लागते.

आवाज

बोलून लिहिण्याची सोय येथे फारशी उपयोगी पडली नाही. उच्चार जड असल्यामुळे उमटणाऱ्या चुका इतक्या होत्या की त्या दुरुस्त करण्यात टंकलेखनापेक्षा जास्त श्रम जात, आणि स्वतःचा शब्द पडद्यावर विपरीत उमटलेला पाहणे त्यांना मनस्तापाचे होई. उच्चार सुधारत गेल्यावर ती पुन्हा तपासण्यासारखी आहे.

उलट दिशेची सोय, म्हणजे संगणकाने मजकूर वाचून दाखवणे, चांगली लागू पडली. आवाज मराठी जाणणारा असला पाहिजे एवढी एकच अट आहे. इंग्रजीचा आवाज निवडलेला असेल तर देवनागरी मजकूर पुष्कळदा गाळला जातो आणि यंत्र बिघडले असे वाटते. भाषांतराचा पहिला खर्डा कानाने ऐकला की गळलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, वाक्याचा तुटलेला तोल हे डोळ्यांवर ताण न येता सापडते. मात्र मुद्रितशोधनात कानावर विसंबून चालत नाही. मराठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक वाचणाऱ्या आवाजातून बहुधा उमगत नाही, ‘आणि’ दीर्घ लिहिले काय नि ऱ्हस्व लिहिले काय, कानाला सारखेच लागते. म्हणून रचनेसाठी कान आणि शुद्धलेखनासाठी डोळे अशी कामाची विभागणी त्यांनी स्वतःच बसवली. ही विभागणी मी सुचवलेली नव्हती, आणि ती कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळणारी नाही. आपले काम जाणणाऱ्या माणसालाच ती सुचू शकते.

कामाच्या ठिकाणचा संगणक

घरी सर्व बसल्यावर त्या कामाच्या ठिकाणी परतल्या आणि पहिल्याच पायरीवर अडल्या. संकेतशब्दात शिफ्टने उमटणारी चिन्हे होती, आणि प्रवेशाच्या पडद्यावर सुगम्यतेच्या सोयी तेथील तंत्रविभागाने बंद करून ठेवल्या होत्या. या बंदीमागे कारण होते. स्टिकी कीजची चौकट उघडणारी सेटएचसी नावाची फाइल बदलून तिच्या जागी हुकूमांची खिडकी उघडणारी फाइल ठेवली, तर प्रवेशाच्या पडद्यावरच शिफ्ट पाच वेळा दाबून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येतो, ही युक्ती बरीच जुनी आणि सर्वज्ञात आहे. परंतु ती फाइल बदलण्यासाठी आधीच संगणकाच्या डिस्कवर हात पोहोचलेला असावा लागतो किंवा व्यवस्थापकाचे अधिकार असावे लागतात. डिस्कचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) करणे आणि बाहेरच्या साधनावरून संगणक सुरू होऊ न देणे हे त्यावरचे योग्य उपाय आहेत. सगळ्यांच्या सोयी काढून घेतल्याने धोका तेवढाच राहतो आणि ज्यांना त्या सोयींशिवाय आत येता येत नाही ते मात्र बाहेर राहतात.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला. त्याच्या दुसऱ्या अनुच्छेदात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव गणलेला आहे. या प्रकरणात करारापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. तंत्रविभागातील व्यक्तीला संपादिकांच्या शेजारी बसवून त्यांचे प्रवेश करणे प्रत्यक्ष दाखवले. डिस्कचे कूटलेखन तेथे आधीच होते, त्यामुळे प्रवेशाच्या पडद्यावरचे सुगम्यतेचे बटण त्यांच्या संगणकासाठी खुले करण्यास कोणाची हरकत उरली नाही. लांब पण शिफ्ट न लागणारा संकेतशब्द ठेवण्याची परवानगीही मिळाली, आणि पुढे तोच मार्ग त्यांना अधिक सोयीचा वाटला.

या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेल्या असल्याने दुसऱ्या यंत्रावर त्या नव्याने लावाव्या लागतात. यासाठी एक पान तयार केले. त्यावर कोणती सोय चालू आहे एवढेच न लिहिता तिच्यातला प्रत्येक पर्याय कोणत्या स्थितीत आहे आणि का, हे लिहिले आहे. स्टिकी कीजच्या खाली ‘दोन कळा एकत्र दाबल्यास बंद करणे : काढलेले’ ही नोंद सर्वांत वर आहे. हे पान त्यांच्याजवळ, घरच्यांजवळ आणि तंत्रविभागाकडे आहे. विंडोजची मोठी अद्ययावत आवृत्ती आल्यावर ते हातात घेऊन सर्व पर्याय पुन्हा पडताळायचे असे ठरले आहे.

आता त्या भाषांतर आणि संपादन ही दोन्ही कामे करतात. वेग पूर्वीइतका नाही आणि दिवसाच्या उत्तरार्धात त्या टंकलेखन टाळून ऐकण्याचे काम ठेवतात. रोमन कळांच्या उच्चारांवरून देवनागरी अक्षरे उमटवणारी, विंडोजमध्येच मिळणारी मराठी फोनेटिक मांडणी घ्यावी असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. तिच्यात शिफ्ट कमी लागेल अशी त्याची अपेक्षा होती, पण बोटांत मुरलेली इनस्क्रिप्ट सोडण्याचा त्रास मिळणाऱ्या लाभापेक्षा मोठा आहे असे त्यांचे मत पडले, आणि ते मला पटले. मूळ मजकूर आणि मुद्रित एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम अद्याप सुटलेले नाही, कारण त्यात नजरेला सतत उजव्या स्तंभाकडे झेप घ्यावी लागते. दोन मजकूर एकाखाली एक लावून पाहण्याचा प्रयोग सध्या चालू आहे. त्यात लहान परिच्छेद नीट तपासता येतात, लांब तक्ते मात्र अजून सहकाऱ्याकडेच दिले जातात.